आधी ट्रॉली, मग घोडा

बाळा, तू ट्रॅक्टर शिकणार हे कळल्यापासून माकुणसारात ज्याला त्याला सल्ला सुचायला लागलाय. एक म्हणतो, स्टिअरिंग जड जाईल. दुसरा म्हणतो, पाय क्लचपर्यंत पोचायचे नाहीत. सीट पुढे सरकते, आणि हल्लीच्या बहुतेक ट्रॅक्टरना पॉवर स्टिअरिंग असतं. तेव्हा त्या दोघांना चहा पाज आणि वाटेला लाव. खरी अडचण निराळी आहे. ट्रॅक्टर सगळेच चालवतात, ट्रॉली फार थोडे चालवतात. बाकीच्यांच्या मागे ती नुसती येते. आणि तुझ्या ट्रॉलीत पेंढा नाही की रेती नाही, जावईबापूंचे घोडे असणार आहेत.

तुझा हिशेब मला पटलाय. केळव्याला घोडागाडी चालवायची म्हणजे घोडा कायम किनाऱ्यावरच असतो, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. नालबंदाकडे न्यायचं, जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं, लगीनसराईत पालघर-बोईसरच्या वराती, पावसाळ्यात किनारा ओस पडला की चाऱ्याच्या सोयीनं हलवायचं, आणि दर खेपेला भाड्याचा टेम्पो. टेम्पोवाल्याचं लक्ष पुढच्या भाड्याकडे. त्यानं कचकन ब्रेक मारला की मागे घोडा गुडघ्यावर येतो. ते बघून तू म्हणालीस, काका, मीच शिकते. शीक. पण मी सांगतो त्या क्रमानं शीक.

आधी कागदाचं बघू. तुझ्याकडे आहे ते बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन. त्याचा इथे काही उपयोग नाही. ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करून शिकाऊ लायसन काढ. ते सहा महिने चालतं, आणि काढल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची टेस्ट देता येत नाही. लोक हे तीस दिवस वाट बघण्यात घालवतात आणि टेस्टच्या आदल्या संध्याकाळी कुणाचा तरी ट्रॅक्टर मागून आणतात. तुला तसं करू देणार नाही. टेस्ट ज्या प्रकारच्या गाडीचं लायसन हवं त्याच प्रकारच्या गाडीवर द्यावी लागते, त्यामुळे आपला ट्रॅक्टर आरटीओपर्यंत न्यावा लागेल. तो लायसनवाला माणूस चालवेल, म्हणजे मी. तू मागून लोकलनं ये. नापास झालीस तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालीस तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं, तसं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच आहे.

एका गोष्टीवरून चावडीवर वाद होईल, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. कोणीतरी म्हणेल, ट्रॅक्टरचं लायसन मिळालं तरी ट्रॉली जोडली की ते चालत नाही, विमा कंपनी हात वर करते. विमा कंपनीनं हात वर करून बघितले होते. नागशेट्टी नावाच्या माणसाचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि २००१ मध्ये कोर्टानं सांगितलं की ज्याच्याकडे ट्रॅक्टर चालवायचं पक्कं लायसन आहे, तो निव्वळ मागे ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही. दुसरा वाद हलक्या गाडीच्या लायसनवर मालवाहू गाडी चालते का, याचा. तोही नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं मिटवला: साडेसात हजार किलोच्या आतली असेल तर चालते. त्याच्यावरच्या वजनासाठी मात्र वय वीस पूर्ण हवं, हलक्या गाडीचं लायसन वर्षभर हातात हवं, मग पुढचं शिकाऊ. उद्या घोड्यांसाठी मोठा ट्रक घ्यायचं जावईबापूंच्या डोक्यात आलं तर हे लक्षात ठेव. आणि स्वतःचे घोडे सोडून दुसऱ्याचे घोडे भाड्यानं न्यायला लागलीस की ते शेतीचं काम राहत नाही. ट्रॉलीची नोंद, परवाना, विमा, सगळंच बदलतं. ते आधी आरटीओच्या खिडकीवर विचारून घ्यायचं, पहिलं भाडं झाल्यावर नाही.

शिकाऊ लायसनवर रस्त्यावर जायचं तर पांढऱ्यावर लाल ‘एल’ पुढे-मागे लागतो आणि शेजारी लायसनवाला माणूस लागतो. आता ट्रॅक्टरवर शेजारी बसायला जागा कुठे असते? मडगार्डवर बसून शिकवायला दहाजण तयार होतील. एकालाही बसू देऊ नकोस. मडगार्डवरचा माणूस धक्क्यासरशी पडतो तो नेमका मोठ्या चाकाच्या पुढ्यात. म्हणून तुझं शिक्षण शेतात होणार. भात कापून झालं, जमीन टणक झाली की मागचा मोठा तुकडा तुझा. मी बांधावर खुर्ची टाकून बसेन.

पहिला आठवडा ट्रॉली जोडायचीच नाही. नुसता ट्रॅक्टर. त्यातही पहिल्या दिवशी इंजिन सुरू करायच्या आधी खाली उतरून एक गोष्ट बघ. उजव्या पायाशी ब्रेकचे दोन पेडल असतात, एक डाव्या चाकाचा, एक उजव्या चाकाचा. शेतात नांगरताना कोपऱ्यावर झटकन वळायला एकच दाबतात. दोघांना जोडणारी एक लोखंडी पट्टी असते. रस्त्यावर निघायच्या आधी ती पट्टी लावलेली हवी. उघडी राहिली आणि वेगात एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन फिरतो, मागे ट्रॉली असेल तर उलटतोही. मी कितीतरी ट्रॅक्टर बघतो, त्यांची पट्टी गंजून वर अडकलेली असते, कारण वर्षानुवर्षं कोणी खाली पाडलेलीच नाही. आपल्या ट्रॅक्टरच्या पट्टीला तेल घालून ठेवलंय. टेस्टला जाशील तेव्हा साहेबानं विचारो न विचारो, तू वाकून ती पट्टी लाव. बघणाऱ्याला त्यातच कळतं की ही शिकून आलीय.

कपड्यांचं तुझ्या काकूनं सांगितलं असतं, पण ती ट्रॅक्टरवर कधी बसली नाही, म्हणून मी सांगतो. मागे पीटीओचा, म्हणजे अवजाराला इंजिनची ताकद देणारा दांडा असतो, फिरता. त्यावरचं झाकण असलंच पाहिजे, आणि ओढणी, सुटी वेणी, साडीचा पदर यातलं काहीही त्याच्या आसपास नको. सलवार-कुर्ता घाल, ओढणी घरी ठेव, केस बांधून वर खोव. पायात चपला नकोत, बूट हवेत. क्लचवरून चप्पल निसटते.

मग ट्रॉली. जोडायला शिकणं म्हणजे अर्धी टेस्ट पास होणं, असं मी मानतो. विलायतेत तर ते टेस्टमध्येच होतं. तिकडे १ जानेवारी १९९७ नंतर ज्यांनी कारचं लायसन काढलं, त्यांना मोठा ट्रेलर ओढायचा असेल तर निराळी परीक्षा द्यावी लागायची. घोडेवाल्या मंडळींना त्याचा फार ताप. ट्रेलर सोडून दाखवायचा, पुन्हा जोडून दाखवायचा, आखलेल्या जागेत मागे घेऊन दाखवायचा. ट्रकच्या ड्रायव्हरांचा तुटवडा झाला, परीक्षकांचा वेळ मोकळा करायला हवा होता, म्हणून १६ डिसेंबर २०२१ पासून त्यांनी ती परीक्षाच काढून टाकली. आता तिथेही ज्याची त्याची अक्कल. आपल्याकडे जोडणं-सोडणं तसं निराळं कोणी तपासत नाही, म्हणून ते घरीच पक्कं करायचं.

जोडताना ट्रॅक्टर ट्रॉलीकडे न्यायचा. ट्रॉली ट्रॅक्टरकडे ढकलायला चार पोरं बोलवायची नाहीत. दांडी टेक्यावर उभी असते, ती नीट उंचीला आहे का बघ. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कोणी उभं नको, ‘मी पिन घालतो’ म्हणणारा तर मुळीच नको. तू मागे ये, थांब, हँडब्रेक लाव, गिअर न्यूट्रल कर, खाली उतर, मग पिन तू स्वतः घाल. पिन घातली की तिच्या खालच्या भोकात लॉकपिन. तिथे खिळा, तार, सुंभ यातलं काही चालायचं नाही. खिळा खड्ड्यात उडून जातो आणि मोठी पिन हळूहळू वर चढत येते. मग साखळी. दांडी आणि हूक दोन्हीला पडलेली, वळताना ताणली जाणार नाही इतकी सैल आणि दांडी सुटली तर जमिनीला टेकणार नाही इतकी घट्ट. ओढायचं ते नेहमी खालच्या हुकातून. चिखलात काही रुतलं म्हणून वरच्या पट्टीला साखळी बांधून ओढायला गेलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि तो मागच्या मागे उलटतो. शेवटी टेका वर घेतलास का, दिव्यांची वायर लावलीस का, आणि ट्रॉलीच्या मागे ट्रॅक्टरचा नंबर वाचता येतो का, ते मागे जाऊन बघ. तो नंबर मागे दिसणं कायद्यानं लागतं. तांबडे रिफ्लेक्टर शेणानं माखलेले असतात, ते पुसून घे. संध्याकाळच्या उजेडात मागून येणाऱ्याला दिवा नसलेली ट्रॉली दिसतच नाही.

आता मुख्य गोष्ट, मागे घेणं. १९८९ च्या केंद्रीय नियमांत टेस्टमध्ये काय काय बघायचं त्याची यादी आहे. त्यात अरुंद जागेत डावीकडे किंवा उजवीकडे गाडी ताब्यात ठेवून, बऱ्यापैकी अचूक मागे घेता आली पाहिजे, असं म्हटलंय. नुसता ट्रॅक्टर तुला दोन दिवसांत मागे घेता येईल. ट्रॉलीसकट घेताना सगळं उलटं होतं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलंस की ट्रॉलीचं शेपूट डावीकडे जातं. डोक्यानं हे कळतं, हाताला कळायला वेळ लागतो. म्हणून हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला ठेवूच नकोस, तळाशी धर. तळाशी धरलेला हात ज्या बाजूला नेशील त्या बाजूला ट्रॉलीचं शेपूट जाईल. बस, एवढंच. त्यानंतर डावं-उजवं असा विचार करायचा नाही.

सुरुवातीला वळवूच नकोस. बांधाला समांतर, सरळ मागे, सगळ्यात हळू गिअरमध्ये. सरळ घेणंच सगळ्यात अवघड असतं, कारण ट्रॉली सरळ राहत नाही, जरा जरा कलत राहते आणि तू जरा जरा सावरत राहायचं असतं. मान मागे, नजर ट्रॉलीच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांवर आळीपाळीनं. ज्या बाजूचा कोपरा जास्त दिसायला लागला, ट्रॉली त्या बाजूला चाललीय. स्टिअरिंग त्याच बाजूला थोडं वळव, ती सरळ येईल. थोडं म्हणजे वीतभर नाही, बोटभर. नवखा माणूस आधी काहीच करत नाही, मग घाबरून पूर्ण फिरवतो. तेवढ्यात ट्रॉली काटकोनात आलेली असते आणि दांडी मागच्या टायरला घासते. तसं झालं की थांब. पुढे जा, ट्रॉली सरळ होईपर्यंत पुढे जा, आणि पुन्हा मागे ये. पुढे जाण्यात कमीपणा नाही. जे पुढे जायला लाजतात तेच मोऱ्यांच्या कठड्यावर आपटतात.

सरळ जमलं की झावळीचे दांडे रोवून फाटक करू. आपली ट्रॉली सहा फूट रुंद आहे, फाटक आधी नऊ फूट ठेवू, मग आठ. मग फाटकातून मागे घेऊन काटकोनात वळायचं. वळवताना आधी हात तळाशी धरून ट्रॉलीला वळण दे, आणि ती वळायला लागली की लगेच स्टिअरिंग उलट फिरवत ट्रॅक्टर तिच्या मागोमाग ने. दिलेलं वळण वेळेवर काढून घेणं, सगळी मेख तिथे आहे. ट्रॅक्टरवर तू मधोमध बसतेस, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. उद्या पिकअपला ट्रेलर जोडलास तर आधी उजवीकडे घ्यायला शीक, कारण ती बाजू खिडकीतून दिसते. आणि कोणी तुला चार चाकी, पुढची चाकं दांडीबरोबर फिरणारी ट्रॉली देऊ केली तर टेस्टपर्यंत नको म्हण. तिला दोन सांधे असतात, आता शिकलेलं सगळं तिच्यापाशी पुन्हा उलटं होतं. ती हाकणारे लोक मला आवडतात, पण त्यांच्याकडून शिकायला जाऊ नकोस.

मागे घेताना गाव गोळा होतं. ‘येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे’ आणि मग ‘अरे अरे अरे!’ या दोन्हींच्या मध्ये काहीच नसतं. म्हणून एकच माणूस नेम. तो तुला दिसेल असा उभा राहील. हात वर केला की थांबायचं, एवढीच खूण ठरव. तो दिसेनासा झाला की तू थांबायचं, तो ओरडत असला तरी. आणि शंका आली की स्वतः उतरून मागे जाऊन बघ. ट्रॅक्टरवरून उतरायला किती वेळ लागतो?

पुढे जाताना ट्रॉली काय करते तेही शेतातच बघून घे. ती ट्रॅक्टरच्या चाकोरीतून येत नाही, वळणावर आतल्या बाजूनं कापते. केळवे-माहीमच्या पानवाड्यांतल्या वाटा तुला ठाऊक आहेत, एका हाताला कुंपण, दुसऱ्या हाताला ओहळ. तिथे वळण घ्यायचं तर ट्रॅक्टर आधी बाहेर न्यायचा, मग वळायचं, आणि वळताना नजर पुढच्या चाकावर नाही, ट्रॉलीच्या आतल्या चाकावर. बोईसर-तारापूरच्या बाजूला चाळीस फुटी कंटेनरवाले एमआयडीसीच्या नाक्यावर उजवीकडे जाऊन मग डावीकडे वळताना दिसतात ना, ते याचसाठी. अशा ट्रेलरच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत स्कूटर घालणारे मी रोज बघतो. आता तू स्वतः ओढायला लागल्यावर तसं कधी करणार नाहीस.

आपल्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. ट्रॅक्टर थांबला तरी ती ढकलत राहते. सपाटीवर ते फारसं जाणवत नाही, उताराला कळतं. सफाळ्याहून वरईकडे जाताना तांदुळवाडीचा घाट लागतो, तिथे मी तुला टेस्ट झाल्यावर नेणार आहे. नियम सोपा आहे: जो गिअर चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. उतारावर क्लच दाबून गिअर बदलायला गेलीस आणि गिअर पडला नाही तर इंजिनचा धर सुटतो, मग नुसत्या ब्रेकवर सगळं वजन. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये सोडणारे लोक आहेत. त्यांनी किती डिझेल वाचवलं हे त्यांनाच विचार.

टेस्टच्या दिवसाचं फार सांगत नाही. आरसे बसल्यावर स्वतःच्या डोळ्याला लावून घे, मी चालवत आणलेला असेन तेव्हा ते माझ्या डोळ्याला लागलेले असतील. निघायच्या आधी मागे वळून बघ, बघितलंस हे दिसेल असं बघ. हातानं इशारे करायला शिकून जा. आरसी, विमा, पीयूसीच्या मूळ प्रती एका पिशवीत, शिकाऊ लायसन वेगळ्या खिशात. साहेबांना सगळे ‘येतं’ म्हणतात, तू ‘शिकलेय’ म्हण आणि चालवून दाखव. मागे घेताना चुकलं तर गप थांब, पुढे जा, पुन्हा घे. चूक सावरणाऱ्यापेक्षा चूक लपवायला जाणारा लवकर नापास होतो. ‘ओळखीनं करून देतो’ म्हणणारे गेटवरच भेटतील. त्यांना नमस्कार कर आणि पुढे चालू लाग. तुझा घोडा त्यांच्या ओळखीवर उभा राहणार नाहीये.

लायसन आलं म्हणून दुसऱ्या दिवशी घोडा चढवायचा नाही. आधी पाणी. निळं प्लास्टिकचं दोनशे लिटरचं पिंप अर्धं भरून, दोऱ्यांनी आवळून ट्रॉलीत ठेवू. पूर्ण भरलं तर पाणी हलत नाही, म्हणून अर्धंच. हे शंभर किलो वजन तू ब्रेक लावलास की पुढे येईल, वळलीस की कडेला जाईल, आणि तू थांबल्यावरही हिंदकळत राहील. घोडाही तसाच करतो, फक्त त्याचं वजन तीन-साडेतीनशे किलो आणि तो उंचावर. पिंपाशेजारी काठोकाठ भरलेली बादली ठेवू. शेताला दोन फेऱ्या मारून आलीस की बादलीत किती पाणी उरलं ते मी बघेन. डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून चालणारी बाई जशी थांबायच्या आधीच हळू होते, तसं हळू व्हायचं. थांबायचं ठिकाण दिसलं की तिथूनच गॅस सोड. ब्रेक फक्त शेवटच्या दोन हातांसाठी.

एकदा तू स्वतः ट्रॉलीत उभी राहा आणि ट्रॅक्टर मी चालवेन. शेतातच, अगदी हळू. कठड्याला धरू नकोस, घोड्याला हात नसतात. वळण आल्यावर कुठला पाय सरकतो, खड्ड्यात काय होतं, ब्रेकला कमरेत कसा झटका बसतो, ते अंगात मुरू दे. रस्त्यावर हे करायचं नाही, ट्रॉलीत माणसं बसवणं बेकायदेशीर आहे आणि तेवढंच धोक्याचंही.

ट्रॉलीतही बदल करावे लागतील, आणि ते वेल्डरला आपल्या मनानं करू द्यायचे नाहीत. २०१५ मध्ये केंद्रीय नियमांत जनावरं नेणाऱ्या गाड्यांसाठी १२५-ई हा नियम आला आणि २०१६ च्या जानेवारीपासून लागू झाला. एका घोड्याला किंवा घोडीला सव्वादोन चौरस मीटर जागा, प्रत्येकाला वेगळा कप्पा आणि तो कप्पा पक्का बसवलेला. आपली ट्रॉली दहा फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर. दोन घोडे बसतात. तिसरा शिंगरू असला तरी नाही. जनावरांच्या गाडीत दुसरा माल न्यायचा नाही, असंही तिथे आहे. म्हणजे येताना चाऱ्याच्या पेंढ्या टाकून आणायचा तुझा बेत सोड. हे बदल करून आरटीओची त्यासाठीची परवानगी घ्यावी लागते. १९७८ चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम याहून जुने आहेत, पण ते लिहिणाऱ्याला घोडा माहीत होता. प्रवासाला घोडा धड आहे असा पशुवैद्यकाचा दाखला हवा. साध्या मालवाहू गाडीत नेताना तळाला न घसरणारं काहीतरी हवं, दोन जनावरांच्या मध्ये निदान आठ सेंटिमीटर जाडीचे बांबू हवेत, मागे भक्कम आडव्या पट्ट्या हव्यात, चढा-उतरायला फळी हवी. आणि घोड्यांची तोंडं डावीकडे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांपासून लांब, म्हणजे ते बुजत नाहीत. आपल्याकडे समोरून येणारी वाहनं उजव्या हाताला असतात, तेव्हा हिशेब बरोबर आहे. आपल्या वेल्डरला हे सगळं कागदावर काढून दे. तळाला रबरी मॅट घाल. नुसत्या पत्र्यावर लीद आणि पाणी पडलं की नाल घसरतेच.

वजन कुठे ठेवायचं तेही बघ. दोन चाकी ट्रॉलीत भार चाकाच्या धुऱ्याच्या किंचित पुढे पडला पाहिजे. मागे पडला तर दांडी हूक वर उचलायला बघते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली शेपूट हलवायला लागते. एकच घोडा असेल तर त्याला उजव्या बाजूला ठेव, दोन असतील तर जड त्यातला उजवीकडे. रस्ता कडेला, म्हणजे डावीकडे उतरता असतो. वजन वरच्या बाजूला राहिलेलं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात जावईबापूंचंही ऐकू नकोस. घोडा आत गेला की आधी मागचा आडवा बांबू लावायचा, मग डोकं बांधायचं. उतरवताना आधी डोकं सोडायचं, मग मागचा बांबू काढायचा. उलटं केलं तर काय होतं बघ: डोकं बांधलेलं, मागे मोकळं. घोडा मागे जायला बघतो, दोरी ताणली जाते, तो घाबरून आणखी जोर लावतो, आणि मग एकतर मोहरकी तुटते नाहीतर तो मागच्या पायांवर बसतो. गाठ अशी मार की एका झटक्यात सुटेल. दोर एवढाच लांब ठेव की तोंड हलवता येईल, पण मान कठड्याबाहेर काढता येणार नाही. चढवताना फळीच्या अगदी मागे कोणी उभं राहायचं नाही. घाई तर नाहीच. ज्याला चढायचं नाही त्याला अर्धा तास फळीपाशी उभा करून चंदी दे, दुसऱ्या दिवशी पुन्हा आण. ट्रॉली आधी ट्रॅक्टरला जोडलेली हवी, चाकांना दगड लावलेले हवेत. सुट्या ट्रॉलीत घोडा चढवला तर दांडी वर उडते.

पहिल्या फेरीला नवा तांबडा घोडा नको. म्हातारी घोडी घे, ती टेम्पोतून इतकी फिरलीय की तिला कशाचं काही वाटत नाही. केळव्याहून माहीम आणि परत, सकाळी लवकर. बोईसर नंतर. तिथे गेलीस तरी कारखान्यांची पाळी सुटायच्या वेळेला जाऊ नकोस, त्या गर्दीत टँकरचा एअरहॉर्न कानाशी वाजला की शहाणी घोडीही नाचते. आणि पहिल्या फेरीला जावईबापूंना ट्रॅक्टरवर घेऊ नकोस, ट्रॉलीतही नको. त्यांना तुझी स्कूटर दे आणि मागून यायला सांग. कुठल्या वळणाला घोडीनं पाय फाकवले आणि कुठल्या ब्रेकला ती पुढे झुकली, हे तुला पुढून दिसणार नाही, त्यांना दिसेल. घरी आल्यावर ते सांगतील ते लिहून घे आणि संध्याकाळी मला दाखव.